बालकांचे संरक्षण : कायदा आणि घर

२००१ साली मुंबईत सायबर कॅफेंचे पेव फुटले होते. तेथे शाळकरी मुलांनाही अश्लील संकेतस्थळे सहज पाहता येतात, अशी तक्रार दोघांनी पत्राद्वारे मुंबई उच्च न्यायालयाकडे केली. न्यायालयाने त्या पत्रालाच जनहित याचिका मानून समिती नेमली. २००२ च्या आरंभी आलेल्या अहवालात समितीने संकेतस्थळे सरसकट रोखण्यावर भिस्त ठेवली नाही. ग्राहकाचे ओळखपत्र पाहावे आणि अल्पवयीनांना बंद कप्प्यात नव्हे, तर मोकळ्या जागेतील संगणकावर बसवावे, असा व्यवहार्य मार्ग तिने सुचविला.

आज तो बंद कप्पा दहिसरच्या घराघरांत मुलाच्या हातातील मोबाईलमध्ये आला आहे. ओळखपत्र पाहणारा मात्र कोणी उरलेला नाही.

माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६७ अश्लील मजकूर प्रसिद्ध करणाऱ्यास शिक्षा देते. २००९ पासून लागू झालेले कलम ६७ब बालकांच्या लैंगिक चित्रणाविरुद्ध आहे. परंतु पाहणारा बालक आहे की प्रौढ, हे दारातच तपासण्याची सक्ती या कलमांत नाही. जुलै २०१५ च्या अखेरीस केंद्र सरकारने ८५७ संकेतस्थळे रोखण्याचा आदेश दिला आणि टीका होताच काही दिवसांत तो सौम्य केला. २०२१ च्या नियमांनी ओटीटी मंचांवर प्रौढांच्या कार्यक्रमांसाठी वयपडताळणीचे बंधन घातले; परदेशी अश्लील संकेतस्थळे मात्र त्या चौकटीबाहेरच राहिली. ब्रिटनने जुलै २०२५ पासून अशा संकेतस्थळांवरही खरी वयपडताळणी सक्तीची केली आहे.

अल्पवयीनाचे खाते उघडताना बँक जन्मतारखेचा पुरावा मागते. नुसत्या शब्दावर विसंबत नाही. संकेतस्थळाला मात्र ‘मी अठरा वर्षांचा आहे’ या एका टिचकीवर समाधान मानता येते. यावर एक आक्षेप रास्त आहे : प्रौढांची ओळखपत्रे अशा कंपन्यांच्या हाती जाणे धोक्याचे आहे. म्हणून त्रयस्थ संस्थेने केवळ ‘वय पूर्ण’ एवढाच दाखला द्यावा, नाव-पत्ता पुढे जाऊ नये, अशी तरतूद कायद्यातच हवी.

तोवर समितीचा जुना सल्ला घरात पाळता येईल. मुलांचा मोबाईल दिवाणखान्यात वापरला जावा, रात्री तो तेथेच राहावा. आणि नको ते दृष्टीस पडले, तर न घाबरता सांगता येईल, इतका विश्वास मुलांना आई-वडिलांविषयी वाटावा. हा विश्वास कोणताही कायदा देऊ शकत नाही.