डायनासोर-प्रतिकृती रंगभरण स्पर्धा : कला, अनुमान आणि मूल्यमापनाचा प्रश्न

प्रस्तावना :

विज्ञान प्रदर्शने, वस्तुसंग्रहालये आणि छंदमंडळे यांच्या उपक्रमांत डायनासोरच्या प्रतिकृती रंगविण्याची स्पर्धा हा एक लोकप्रिय प्रकार आहे. तिचे स्वरूप वरकरणी साधे असते. स्पर्धकाला प्लास्टिक, रेझिन किंवा प्लास्टर ऑफ पॅरिसची रंगहीन प्रतिकृती दिली जाते, ठरावीक मुदतीत ती रंगवावयाची असते आणि बाल गट व प्रौढ गट असे दोन गट करून क्रमांक काढले जातात. मात्र या साध्या उपक्रमात एक अवघड प्रश्न दडलेला आहे. ज्या प्राण्याला कोणत्याही मानवाने पाहिलेले नाही, त्याचा रंग 'बरोबर' की 'चूक' हे परीक्षकाने कशाच्या आधारे ठरवावे? प्रस्तुत लेखात या स्पर्धेची पार्श्वभूमी, डायनासोरच्या रंगाविषयी आज उपलब्ध असलेले ज्ञान आणि त्या ज्ञानाच्या आधारे करावयाच्या मूल्यमापनाची दिशा स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

प्रतिकृतींची परंपरा :

'डायनासोरिया' ही संज्ञा ब्रिटिश शरीररचनाशास्त्रज्ञ रिचर्ड ओवेन यांनी १८४२ मध्ये रूढ केली. त्यानंतर अवघ्या बारा वर्षांनी, १८५४ मध्ये, लंडनजवळील सिडनहॅम येथे क्रिस्टल पॅलेसच्या उद्यानात शिल्पकार बेंजामिन वॉटरहाउस हॉकिन्स यांनी घडविलेल्या प्राचीन प्राण्यांच्या पूर्णाकृती प्रतिकृती लोकांसाठी खुल्या झाल्या. त्यांतील इग्वानोडॉन हा प्राणी गेंड्यासारखा चार पायांवर उभा असून त्याच्या नाकावर शिंग दाखविले होते. पुढे १८७८ मध्ये बेल्जियममधील बेर्निसार येथील कोळसा खाणीत इग्वानोडॉनचे अनेक सांगाडे सापडले आणि ते 'शिंग' वस्तुतः अंगठ्यावरील काटा होता, हे निर्विवाद झाले. हॉकिन्स यांची प्रतिकृती चुकीची ठरली, परंतु ती निरर्थक ठरली नाही. उपलब्ध पुराव्यावरून केलेले ते प्रामाणिक अनुमान होते. प्रतिकृती ही त्या त्या काळातील ज्ञानाची नोंद असते, हे सूत्र रंगभरणालाही तितकेच लागू पडते.

विसाव्या शतकात प्रतिकृती उद्यानातून घरात आल्या. १९७० च्या दशकात ब्रिटनमधील इन्व्हिक्टा या कंपनीने लंडनच्या निसर्गेतिहास संग्रहालयाच्या सहकार्याने काढलेल्या प्रतिकृती प्रामुख्याने एकरंगी होत्या. अशा एकरंगी वस्तूस रंग देण्याची इच्छा होणे स्वाभाविकच होय. रंगभरण स्पर्धेचे बीज या इच्छेत आहे.

रंगाविषयीचे ज्ञान :

दीर्घकाळ डायनासोर राखाडी, मातकट किंवा हिरवे रंगविले गेले. त्यामागे दोन गृहीतके होती : एक, सरपटणारे प्राणी निस्तेज रंगाचे असतात, दोन, हत्ती-गेंड्यांसारखे मोठे प्राणी भडक रंगाचे नसतात. ही दोन्ही गृहीतके अपुरी आहेत. पक्षी हे डायनासोरांचेच वंशज असून त्यांची रंगदृष्टी मानवापेक्षा अधिक समृद्ध असते. ज्यांना रंग दिसतो, ते रंगाचा उपयोग संकेतासाठी करण्याची शक्यता नाकारता येत नाही.

१९९६ मध्ये चीनमधील लियाओनिंग प्रांतातून सायनोसॉरॉप्टेरिक्स हा पिसांसारखे आवरण असलेला डायनासोर उजेडात आला. २००८ मध्ये एका जीवाश्म पिसातील सूक्ष्म कण हे जिवाणू नसून 'मेलॅनोसोम', म्हणजे रंगद्रव्य साठविणारे पेशीतील घटक, असल्याचे दाखविण्यात आले. या कणांचा आकार रंगाशी निगडित असतो. लांबट कण काळ्या छटांशी, तर गोलसर कण तांबूस छटांशी संबंधित असतात. या तत्त्वावर २०१० मध्ये सायनोसॉरॉप्टेरिक्सच्या शेपटीवर तांबूस व फिकट पट्टे असल्याचे आणि अँकिऑर्निस या लहान डायनासोरच्या पंखांवर काळी-पांढरी नक्षी असल्याचे अनुमान प्रसिद्ध झाले. २०१२ मध्ये मायक्रोरॅप्टरची पिसे कावळ्यासारखी चमकदार काळी असल्याचे मांडण्यात आले.

या पद्धतीच्या मर्यादाही लक्षात घेतल्या पाहिजेत. जीवाश्मीभवनाच्या काळातील उष्णता व दाब यांमुळे कणांचा आकार बदलू शकतो. पिवळे-केशरी रंग देणारी इतर द्रव्ये सहसा टिकत नाहीत. शिवाय असा पुरावा मोजक्याच प्रजातींबाबत मिळाला आहे. टायरॅनोसॉरस किंवा ट्रायसेराटॉप्स यांसारख्या स्पर्धांतील आवडत्या प्राण्यांचा रंग आजही अज्ञात आहे.

रंगविलेली प्रतिकृती : प्रयोगाचे साधन

रंगभरण हा केवळ मनोरंजनाचा भाग नसून संशोधनाचा भाग होऊ शकतो, याचे उत्तम उदाहरण २०१६ मधील आहे. जर्मनीतील फ्रँकफुर्ट येथील सेंकेनबर्ग संग्रहालयात सिटॅकोसॉरस या शाकाहारी डायनासोरचा, त्वचेतील रंगद्रव्याचे अवशेष टिकून राहिलेला जीवाश्म आहे. ब्रिस्टल विद्यापीठातील याकोब विंथर व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा अभ्यास केला आणि कलावंत रॉबर्ट निकल्स यांनी त्याची पूर्णाकृती प्रतिकृती घडविली. प्राण्याची पाठ गडद आणि पोट फिकट होते. अशा रंगसंगतीमुळे वरून पडणाऱ्या प्रकाशाने निर्माण होणारी सावली झाकली जाते आणि प्राणी भक्षकाच्या नजरेस सपाट भासतो. संशोधकांनी एकसारख्या राखाडी रंगाची प्रतिकृती ब्रिस्टलच्या वनस्पती उद्यानात उघड्या उन्हात तसेच झाडांच्या सावलीत ठेवून छायाचित्रे घेतली. राखाडी शरीरावर सावली कोठे पडते हे पाहून, ती झाकण्यासाठी रंग कोठे गडद व कोठे फिकट असावयास हवा, हे ठरविले. हा अंदाज जीवाश्मातील रंगरचनेशी ताडून पाहिला असता तो वृक्षांच्या छायेतील विखुरलेल्या प्रकाशाशी अधिक जुळला. म्हणजेच रंगावरून प्राण्याच्या अधिवासाचे अनुमान करता आले.

हा प्रयोग कोणत्याही महाविद्यालयात छोट्या प्रमाणावर करून पाहता येण्यासारखा आहे. राखाडी अस्तर दिलेली प्रतिकृती प्रथम उन्हात व नंतर झाडाखाली ठेवावी आणि तिच्यावरील सावलीचे निरीक्षण करूनच कुंचला हाती घ्यावा. रंगभरणाचा आरंभ निरीक्षणाने होतो, हे विद्यार्थ्याला त्यासाठी वेगळे सांगावे लागत नाही.

महाराष्ट्राचा संदर्भ :

महाराष्ट्रातील आयोजकांना परदेशी प्राण्यांवरच अवलंबून राहण्याचे कारण नाही. चंद्रपूर जिल्ह्यातील डोंगरगाव येथे सापडलेल्या दीर्घग्रीव डायनासोरचे वर्णन १९९७ मध्ये प्रसिद्ध झाले. इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटच्या आद्याक्षरांवरून २००३ मध्ये त्यास 'इसिसॉरस' हे नाव मिळाले. त्याच जिल्ह्यातील पिसदुरा येथील जीवाश्मीभूत विष्ठेत गवताच्या पेशींतील सूक्ष्म सिलिका-कण आढळल्याचे वंदना प्रसाद व सहकाऱ्यांनी २००५ मध्ये दाखवून दिले. डायनासोरांच्या काळात गवत नव्हते, हा समज त्यामुळे मागे पडला.

या शोधाचा स्पर्धेशी थेट संबंध आहे. प्रतिकृतीच्या बैठकीवर गवत दाखविणे ही एरवी ठळक चूक मानली जाते. जुरासिक काळातील प्राण्याच्या बाबतीत ती चूकच आहे. परंतु क्रिटेशिअस कालखंडाच्या अखेरीस मध्य भारतात वावरणाऱ्या इसिसॉरसच्या पायाशी एखाद्या मुलाने गवत रंगविले, तर त्याचे गुण कापणारा परीक्षकच चुकलेला असेल.

मूल्यमापनाची दिशा :

बहुतांश स्पर्धांत सफाईदार रंगलेपन हाच प्रमुख निकष ठरतो. त्यात प्रौढांचा वरचष्मा स्वाभाविक असतो. अस्तर, पातळ रंगाचे थर, खाचांत उतरणारी गडद छटा, उंचवट्यांवरून फिरविलेला कोरडा कुंचला ही तंत्रे सरावाने साध्य होतात. मुलांकडे हा सराव नसतो, परंतु प्रश्न विचारण्याचे धैर्य असते. प्रौढ स्पर्धक पूर्वी पाहिलेल्या चित्रांचा व चित्रपटांचा रंग पुन्हा देतो, तर मूल 'हा जांभळा का नसावा?' असे विचारते. पुराव्याच्या अभावी या प्रश्नाला 'तो जांभळा नव्हता' असे ठाम उत्तर देता येत नाही. 'तसे मानण्यास आधार काय?' एवढेच विचारता येते, आणि विज्ञानशिक्षणाच्या दृष्टीने हाच प्रश्न मोलाचा आहे.

म्हणून प्रत्येक प्रतिकृतीसोबत तीन ओळींचे निवेदन असावे : काय ज्ञात आहे, कशावरून अनुमान केले आणि काय कल्पनेने घेतले. लहान मुलांनी हे निवेदन तोंडी करावे. शंभर गुणांपैकी चाळीस गुण रंगलेपनाच्या कौशल्यास, चाळीस रंगामागील तर्कास आणि वीस शरीररचनेच्या निरीक्षणास अशी विभागणी उपयुक्त ठरू शकेल. ज्या प्रजातीचा रंग पुराव्याने सुचविला गेला आहे, तेथे पुराव्याशी सुसंगती पाहावी. अन्यत्र केवळ अपरिचित रंगासाठी गुण कापू नयेत. परीक्षक मंडळात चित्रकलेच्या जाणकाराबरोबर प्राणिशास्त्र किंवा भूशास्त्राचा अध्यापक असणे आवश्यक आहे. बाल गटासाठी पाण्यात मिसळणारे, विषारी नसलेले रंगच वापरावेत.

निष्कर्ष :

डायनासोर-प्रतिकृती रंगभरण स्पर्धा ही कला आणि विज्ञान या दोन विभागांना एका मेजावर आणणारी संधी आहे. ती केवळ सुबकतेची परीक्षा राहिली, तर जुन्या चित्रांची नक्कल बक्षिसपात्र ठरते आणि मुलाच्या मनात 'विज्ञानाची उत्तरे ठरलेली असतात' हा समज दृढ होतो. याउलट रंगाचे कारण विचारले गेले, तर ज्ञात, अनुमानित आणि कल्पित यांतील भेद स्पर्धकास स्वतःच्या हाताने अनुभवता येतो. हॉकिन्स यांच्या इग्वानोडॉनच्या नाकावरील काटा आजही सिडनहॅमच्या उद्यानात आहे. आज दिलेल्या रंगांपैकी काही उद्या चुकीचे ठरतील. त्यांची कारणे स्पर्धकाने नोंदवून ठेवली असतील, तर ती चूकही पुढच्या अभ्यासकाच्या उपयोगी पडेल.