कमी उजेडातली मैफल आणि बजेटमधला कॅमेरा

रवींद्र नाट्यमंदिरातल्या मैफलीचे फोटो काढायचेत आणि बजेट बेताचं आहे? मग आधी लेन्स घ्या, बॉडी नंतर. साधी किट लेन्स झूम केली की एफ/५.६ वर येते. ५० एमएम एफ/१.८ तिच्या जवळपास दसपट उजेड आत घेते. नुसती महागडी बॉडी घेऊन हा फरक भरून निघत नाही.

बॉडी सेकंडहँड चालेल. माझी पसंती २०१२ च्या कॅनन ६डीला. फुल-फ्रेम सेन्सर, अंधारातही फोकस पकडणारा मधला पॉइंट आणि सायलेंट मोड. ख्याल रंगात आलेला असताना खटखट करणारं शटर नको म्हणजे नकोच! मिररलेसचं इलेक्ट्रॉनिक शटर अगदी मुकं असतं, पण एलईडी दिव्यांखाली फोटोवर पट्टे उमटू शकतात.

खरेदीसाठी मुंबईतला बोरा बाजार गाठा: रे रोडहून हार्बर लोकल पकडली की चौथं स्टेशन सीएसएमटी, तिथून चालत. दुकानात लेन्समधून मोबाइलचा टॉर्च मारून बघा. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसले, तर ती बुरशी. लेन्स परत ठेवा. मुंबईच्या दमट हवेत हे फार होतं. बॉडीचा शटर काउंटही विचारा.

सुरुवात आयएसओ ३२००, शटर १/२०० आणि रॉ फाइलने करा. तबल्यावरची बोटं स्पष्ट हवी असतील तर शटर १/५०० वर न्या. फ्लॅश मात्र कायम बंद.