पोट बांधणारी गोळी

पावसाळा लागला की वर्धा जिल्ह्यातल्या समुद्रपूर तालुक्यात पेरणीची घाई आणि पोटाच्या तक्रारी हातात हात घालून येतात. निंदणाच्या दिवसांत मजुरी बुडवणं परवडत नाही. जाम चौरस्त्यावरून लांब पल्ल्याच्या एसटीत बसलेल्याला मध्येच उतरता येत नाही. मग मेडिकलमध्ये मागणी होते, ‘जुलाब बंद करायची गोळी द्या.’ ही गोळी पुष्कळदा लोपेरामाइडची असते. औषध नियमांच्या अनुसूची ‘एच’मध्ये तिचं नाव आहे, म्हणजे ती डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच द्यायची.

सेवाग्रामचं वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं त्याच वर्षी, १९६९ मध्ये, बेल्जियमच्या यान्सेन कंपनीत हे औषध तयार झालं. आतड्याच्या भिंतीत मज्जातंतूंचं जाळं असतं. मॉर्फिन जिथे चिकटतं, त्याच ठिकाणी लोपेरामाइड चिकटतं आणि आतड्याची हालचाल मंदावते. अन्न-पाणी आत जास्त वेळ राहतं, शोषलं जातं, गुदद्वाराचा स्नायूही आवळला जातो. तरी नशा येत नाही, कारण मेंदूच्या रक्तवाहिन्यांतलं एक प्रथिन हे औषध पंपासारखं बाहेर फेकतं.

गोळीने जंतू मरत नाहीत, गेलेलं पाणी आणि क्षारही भरून येत नाहीत. जंतूंच्या विषामुळे पाझरणारं पाणी सुस्तावलेल्या आतड्यातच साचू शकतं. संडासच्या फेऱ्या थांबतात, घरचे निर्धास्त होतात आणि रोग्याचं अंग मात्र कोरडं पडत जातं. मला सर्वांत जास्त भीती याचीच वाटते. शौचात रक्त असेल, जोराचा ताप असेल किंवा पोट फुगलं असेल, तर ही गोळी घेऊच नये. दोन वर्षांखालच्या बाळाला तर कदापि नाही. पाकिस्तानात हेच औषध थेंबांच्या रूपात दिल्यावर तान्ह्या मुलांची आतडी लुळी पडली, काही दगावली आणि १९९० मध्ये कंपनीला ते थेंब मागे घ्यावे लागले.

मोठ्या माणसांना डॉक्टर साधारणपणे आधी ४ मिलिग्रॅम आणि पुढे प्रत्येक पातळ शौचानंतर २ मिलिग्रॅम देतात. दिवसाची कमाल मर्यादा १६ मिलिग्रॅम. रक्तातलं प्रमाण शिखराला पोहोचायला चार-पाच तास लागू शकतात, म्हणून ‘फरक पडला नाही’ म्हणत लागोपाठ गोळ्या गिळू नयेत. अतिमात्रेने हृदयाचे ठोके जीवघेणे बिघडतात, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१६ मध्ये दिला. दोन दिवसांत उतार नसेल तर गोळी थांबवून दवाखाना गाठावा.

जीव वाचवते ती जलसंजीवनी, म्हणजेच ओआरएस. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी पाजून मृत्यूचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ३.६ टक्क्यांवर आणलं. ग्लुकोज आतड्यातून सोडियम ओढून नेतं, पाणी त्यांच्यामागे जातं आणि ही वाट कॉलऱ्यातही उघडी राहते. लहान मुलांना सोबत १४ दिवस झिंक द्यायचं.

ओआरएसची पुडी उपकेंद्रात आणि आशाताईंकडे फुकट मिळते. उकळून गार केलेल्या पाण्यात पुडीवर लिहिलेल्या मापाने कालवा, २४ तासांत संपवा, उरलेलं फेकून द्या. मेडिकलमध्ये गोळी मागण्याआधी ही पुडी घरात आणून ठेवा.