सगळे एकदम बोलले तर?

मुलांनो, वर्गात मी सोपा प्रश्न विचारला की काय होतं? "बाई, मी सांगू? बाई, मी!" असा एकच गलका! उत्तर सगळ्यांना येत असतं, पण मला एकाचंही धड ऐकू येत नाही. गर्दीत मोबाइलच्या टॉवरचंही असंच होतं बरं का!

एकदा आषाढीला पंढरपुरात माझा सात वर्षांचा भाचा गर्दीत हरवला. आम्ही चौघं चार दिशांना धावलो आणि एकमेकांना फोन लावत सुटलो. टॉवर तर समोर दिसत होता, पण फोन लागेल तर शपथ!

असं का झालं? टॉवर आजूबाजूचा जेवढा भाग सांभाळतो, त्याच्या एकेका तुकड्याला 'सेल' म्हणतात. बोलणं सुरू होण्याआधी फोन टॉवरला हाक मारतो. ४जी मध्ये एका सेलसाठी अशा ६४ सांकेतिक हाका असतात. फोन त्यातली एक चिठ्ठी उचलल्यासारखी निवडतो. दोघांनी एकाच क्षणी एकच हाक मारली, की घोटाळा! मग दोघंही थांबतात. पण सारखाच वेळ नाही हं. कोण किती थांबणार, हेही चिठ्ठीवरच. म्हणून पुन्हा टक्कर सहसा होत नाही. ही युक्ती जुनी आहे. १९७१ साली हवाई बेटांवरचे संगणक रेडिओने जोडताना नॉर्मन अब्रॅमसन यांनी ती वापरली. त्या जाळ्याचं नाव 'अलोहा'.

गर्दी फारच वाढली, तर टॉवर दार अर्धवट लोटून घेतो. काही फोनांना आत घेतो, बाकीच्यांना थोडं थांबवतो. तेव्हाही ११२ सारख्या संकटाच्या फोनसाठी वाट मोकळी ठेवता येते. मोठ्या यात्रांना तर गाडीवरचे फिरते टॉवरही आणतात.

आता आपलं काम. फोन लागला नाही, तर बटण दाबत बसू नका. दरवेळी तुम्ही गलका वाढवता, आणि त्या गलक्यात कुणाची तरी खरी हाक अडकलेली असते. थोडं थांबा, छोटासा एसएमएस करा. जत्रेत शिरण्याआधीच भेटायची जागा ठरवा.

आणि माझा भाचा? त्याच्या खिशात आईने नाव-गाव लिहिलेली चिठ्ठी ठेवली होती. पोलिसांनी ती लाउडस्पीकरवर वाचली. एकच जण बोलत होता, म्हणून सगळ्यांना ऐकू आलं!