सादाको नव्हे, सावाको!

वसतिगृहात टोपणनाव पडायला एक दिवस पुरतो. ते पुसायला मात्र वर्षे लागतात. म्हणूनच 'किमी नी तोदोके' ही जपानी अ‍ॅनिमे मालिका मला जवळची वाटते. कारुहो शिइना यांच्या चित्रकथेवरून ती २००९ मध्ये आली. नायिका सावाको कुरोनुमा हायस्कूलच्या पहिल्या वर्षात, म्हणजे आपल्या दहावीत आहे.

लांब काळे केस, फिकट चेहरा आणि घाबरवणारे हसू. त्यामुळे 'रिंग' (१९९८) या भयपटातल्या भुताच्या नावावरून वर्ग तिला 'सादाको' म्हणतो. तिच्या डोळ्यांत तीन सेकंद पाहिले तर संकट येते, अशी अफवाही आहे.

मालिकेत एकटेपणाचे चक्र नीट दिसते. मुले घाबरतात, म्हणून सावाको मान खाली घालते, अडखळत बोलते. ते पाहून मुलांना अफवा आणखी खरी वाटते. हळूहळू तिलाही वाटू लागते की आपण जवळ असलो तर दुसऱ्याचे नाव खराब होईल. म्हणून मनमिळाऊ काझेहाया आपणहून बोलायला आला, तरी ती दूर सरकते.

हे चक्र तुटते, पण त्यासाठी सावाकोला वेगळी मुलगी व्हावे लागत नाही. धैर्याच्या खेळात भूत व्हायला ती आनंदाने तयार होते. आपण वर्गाच्या उपयोगी पडतो, याचेच तिला अप्रूप. स्वतःविषयी कधी तक्रार न करणारी हीच मुलगी आयाने आणि चिझुरू या मैत्रिणींची निंदा करणाऱ्यांसमोर मात्र ठाम उभी राहते.

मला सर्वात खरा वाटला तो २०११ चा दुसरा भाग. व्हॅलेंटाइन दिनी सावाको इतरांना चॉकलेट देते, पण काझेहायासाठी केलेले तिच्याकडेच राहते. आपण कुणाला इतके आवडू शकतो, यावर तिचा विश्वासच बसत नाही. त्यातून दोघांत गैरसमज वाढत जातात. समोरच्याने कितीही आपले मानले, तरी स्वतःला स्वीकारण्याचे काम आपल्यालाच करावे लागते, हे इथे कळते.

सहावीत दाखल झालो तेव्हा आमच्या डॉर्ममध्ये मराठी बोलणारा मी एकटाच होतो. हिंदी बोलताना अडखळायचो, म्हणून 'सायलेंट' हे नाव पडले. काही महिन्यांनी मलाही वाटू लागले, की आपण मुळातच अबोल आहोत. फॉल-इनला दोन्ही बाजूंना मुले उभी असतात, मेसमध्ये शेजारी कुणी ना कुणी बसलेले असते; तरी एकटे वाटायचे. एका सीनियरने खऱ्या नावाने हाक मारून घरची चौकशी केली, तेव्हा मी बरेच बोललो. हिंदी तेवढीच मोडकी होती!

सावाको या नावातल्या पहिल्या चित्रलिपी-अक्षराचा अर्थ 'ताजेतवाने, प्रसन्न' असा आहे. तिला सादाको म्हणणाऱ्यांना तो कसा कळणार? लवकरच नवी सहावी येईल. त्यांना टोपणनावे देण्याआधी त्यांची खरी नावे पाठ करूया.