संवेदकांचे संपर्क-परीक्षण

दुकान, गोदाम वा शीतकोठी यांत तापमान, आर्द्रता, दाराची उघडझाप इ. गोष्टींची नोंद करणारे संवेदक कायमचे बसविण्यापूर्वी, त्यांनी पाठविलेली माहिती ठरलेल्या ठिकाणी खात्रीने पोहोचते की नाही हे तपासण्याच्या पद्धतीस संपर्क-परीक्षण म्हणतात. गोठविलेली मासळी −१८° से. किंवा त्याहून कमी तापमानास, तर बहुतेक लसी २° ते ८° से. या मर्यादेत ठेवाव्या लागतात. कोठीतील यंत्र रात्री बंद पडले आणि संवेदकाचा संदेशही अडला, तर सकाळी दार उघडेपर्यंत माल वाया गेल्याचे कोणासच कळत नाही. मुका झालेला संवेदक धोक्याची सूचना देत नाही आणि सूचना नाही म्हणजे सर्व ठीक आहे, असा समज होतो. संवेदक मुळीच नसण्यापेक्षा ही स्थिती अधिक घातक होय, कारण संवेदक नसलेल्या कोठीत निदान माणूस फेरी तरी मारतो.

संवेदकाचा संदेश सामान्यतः दोन टप्प्यांनी जातो. पहिला टप्पा संवेदकापासून जवळच्या संग्राहक पेटीपर्यंतचा (व्यवहारात ‘गेटवे’) असून तो बहुधा बिनतारी असतो. दुसरा पेटीपासून इंटरनेटद्वारे दूरच्या संगणकापर्यंतचा असतो. पहिल्या टप्प्यासाठी भारतात परवान्याविना वापरता येणारे दोन पट्टे मुख्यतः उपयोगात आहेत. २,४०० ते २,४८३·५ मेगाहर्ट्‌झ कंप्रतेच्या (दर सेकंदास होणाऱ्या आवर्तनांच्या) पट्ट्यात वाय-फाय, ब्लूटूथ व झिग्बी या पद्धती चालतात. २००५ मध्ये ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्‌झ हा पट्टा खुला झाला व २०२१ मध्ये तो ८६८ मेगाहर्ट्‌झपर्यंत वाढविण्यात आला. पहिल्या पट्ट्यातील तरंगांची लांबी सु. १२ सेंमी., तर दुसऱ्यातील सु. ३५ सेंमी. असते. लांब तरंग अडथळ्यांना वळसा घालून जाण्यास अधिक समर्थ असल्यामुळे मोठ्या गोदामात दुसरा पट्टा सोयीचा पडतो.

ग्राहीपर्यंत पोहोचलेली शक्ती १ मिलिवॉटच्या तुलनेत डेसिबेलमध्ये सांगतात. −६० म्हणजे मिलिवॉटचा दशलक्षांश आणि −९० म्हणजे अब्जांश. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की ६ डेसिबेल घट होते. एखादा ग्राही −९५ पर्यंतचा संदेश ओळखू शकत असेल व प्रत्यक्षात −८० मिळत असेल, तर १५ डेसिबेल शिल्लक उरतात. परीक्षणाचा खरा विषय ही शिल्लक होय. संदेश आज पोहोचला एवढ्यावरून काहीच सिद्ध होत नाही.

शीतकोठीच्या भिंती पत्र्याच्या दोन थरांमध्ये पॉलियुरेथेनाचा फेस भरून केलेल्या असतात. धातूच्या बंद आवरणातून विद्युत् क्षेत्र आत-बाहेर जात नाही, हे मायकेल फॅराडे यांनी १८३६ मध्ये दाखविले होते. कोठी हे असेच आवरण असून तरंग दाराच्या रबरी कडेतून व नळ्यांच्या भोकांतून कसेबसे निसटतात. त्यामुळे दार उघडे ठेवून घेतलेल्या मापनास काही अर्थ नाही. पत्र्यांवरून परावर्तित झालेले तरंग एकमेकांना छेदतात व काही बिंदूंवर जवळजवळ शून्य परिणाम उरतो. संवेदक ३ सेंमी. सरकवला तरी वाचनात मोठा फरक पडू शकतो. म्हणून एकाच बिंदूवर न थांबता वीतभर परिसरातील अनेक बिंदूंवर मापन करतात.

मालाचा परिणाम याहून मोठा असू शकतो. रायगड जिल्ह्यात द्रोणागिरीच्या पायथ्याशी, धरमतर खाडीच्या मुखाजवळ असलेल्या करंजा या मच्छीमारी बंदराचे उदाहरण घेतल्यास हे स्पष्ट होते. राज्याच्या किनाऱ्यावर पावसाळ्यात यांत्रिक नौकांच्या मासेमारीस बंदी असते (२०२४ मध्ये ती १ जून ते ३१ जुलै होती). नौका किनाऱ्याला, कोठ्या रिकाम्या व कामगार मोकळे, त्यामुळे डागडुजी व नवी उपकरणे बसविण्यास हाच काळ सोयीचा वाटतो. परंतु परीक्षणास तो सर्वांत फसवा असतो. नारळी पौर्णिमेच्या सुमारास मासळीची आवक सुरू झाली की, त्याच कोठीत ओल्या पेट्यांच्या थप्प्या छतापर्यंत लागतात. कोरडा बर्फाळ थर या तरंगांना फारसा अडवीत नाही. वितळत्या बर्फाचे पाणी मात्र शोषून घेते आणि खारे पाणी त्याहून अधिक. समुद्राच्या पाण्यात २,४०० मेगाहर्ट्‌झचे तरंग काही मिलिमीटरांतच क्षीण होतात. जुलैत उरलेली १५ डेसिबेल शिल्लक ऑगस्टात एका थप्पीने संपू शकते. परीक्षण भरल्या कोठीत करावे. ते शक्य नसेल, तर पाण्याने भरलेले कॅन थप्पीच्या जागी रचून, दार बंद करून व निदान एक पूर्ण दिवस-रात्र वाचने घेऊन करावे. दुकानातही हीच गोष्ट लागू पडते. ग्राहकांची शरीरे मुख्यतः पाण्याचीच असल्याने सणाच्या गर्दीतील वाचन दुपारच्या निवांत वेळेपेक्षा वेगळे येते.

मापन ज्या संवेदकाची जोडणी करावयाची त्यानेच घ्यावे. खिशातील मोबाइलवर संपर्क मिळतो म्हणून काम भागेल, असे मानण्याची चूक सर्रास होते. मोबाइलचा आकाशक व त्याचे पट्टे वेगळे असतात. संवेदक किंवा पेटी थेट मोबाइल जालावर चालणार असेल, तर त्यातील यंत्रणा कोणत्या पिढीची आहे व निवडलेली कंपनी ती पिढी चालविते काय, हे आधी पाहिले पाहिजे. २०१६ मध्ये सुरू झालेल्या जिओच्या जालात दुसरी पिढी नव्हतीच. २,४०० मेगाहर्ट्‌झ पट्ट्यात झिग्बीच्या ११ ते २६ या वाहिन्यांपैकी १५, २०, २५ व २६ या वाय-फायच्या १, ६ व ११ या प्रचलित वाहिन्यांच्या बाहेर पडतात. शेजारच्या दुकानांतील वाय-फायची यादी घेऊन त्याप्रमाणे वाहिनी निवडतात.

दुसऱ्या टप्प्याच्या परीक्षणास वेळ कमी लागतो, पण ते अनेकदा राहून जाते. वीज गेली की, कोठीचे यंत्र जनित्रावर चालू राहते, परंतु कार्यालयातील राऊटर बंद पडतो. म्हणून मुख्य कळ मुद्दाम बंद करून पेटी संदेश साठविते काय आणि वीज परतल्यावर ते पाठविते काय, हे पाहतात. वाय-फायचा परवलीचा शब्द कोण व केव्हा बदलतो, याचीही चौकशी करावी. पेटीचे घड्याळ चुकीचे असल्यास सुरक्षित जोडणी नाकारली जाते, हे कारण पुष्कळदा शेवटी सापडते.

गोठणकोठीत विद्युत् घटाचीही कसोटी लागते. −२०° से.ला साध्या अल्कली घटाची क्षमता बरीच घटते आणि संदेश पाठविण्याच्या क्षणी त्याचा दाब खाली येतो. यासाठी लिथियम-थायोनिल क्लोराइड घट वापरतात व संवेदक एक रात्र कोठीत ठेवून मगच वाचने स्वीकारतात. खाऱ्या हवेत आकाशकाची जोड गंजते व शिल्लक हळूहळू कमी होते. त्यामुळे पहिल्या परीक्षणाची वाचने मापनाचे बिंदू, मालाची स्थिती व दिनांक यांसह कोठीच्या आराखड्यावर नोंदवून ठेवतात आणि पुढील वाचने त्यांच्याशी ताडून पाहतात.