टाइट एन्ड : दोघांतला कोण खेळवायचा?

अमेरिकन फुटबॉलच्या २०२३ च्या मोसमातले लागोपाठ तीन रविवार घ्या. सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्सचा टाइट एन्ड जॉर्ज किटल पहिल्या सामन्यात एकच चेंडू झेलतो, मिळतात ९ यार्ड. पुढच्या रविवारी डॅलस काउबॉइजविरुद्ध तीन झेल, ६७ यार्ड आणि तिन्ही झेलांवर टचडाउन, म्हणजे चेंडू थेट प्रतिस्पर्ध्याच्या शेवटच्या पट्ट्यात. त्याच्या पुढच्या रविवारी क्लीव्हलँडमध्ये एक झेल, एक यार्ड. फँटसी फुटबॉलच्या, झेलाला एक गुण देणाऱ्या प्रचलित हिशेबात हे गुण होतात १.९, मग २७.७ आणि मग १.१. खेळाडू तोच, प्रशिक्षक तोच, संघ तोच. अशा खेळाडूला या रविवारी उतरवायचं, की बाकावर बसलेल्या दुसऱ्या टाइट एन्डला, हा प्रश्न अमेरिकेत सप्टेंबर ते डिसेंबर दर आठवड्याला असंख्य लोकांना पडतो. तिथल्या ऑफिसांमधल्या लीगमध्ये मराठी मंडळीही आहेत, आणि इकडे भारतात रात्री साडेदहाला, घड्याळं बदलल्यावर साडेअकराला, सामने लावून बसणारेही आहेत.

फँटसी फुटबॉलचा जन्म १९६२ चा. ओकलंड रेडर्सचे एक भागीदार बिल विन्केनबाख यांनी संघाच्या दौऱ्यावर असताना न्यूयॉर्कच्या हॉटेलात सोबत्यांना घेऊन नियम लिहिले आणि पुढच्या वर्षी ओकलंडमध्ये पहिली लीग भरली. मूळ कल्पना आजही तीच आहे. मोसमाआधी प्रत्येक जण आळीपाळीने खरे खेळाडू निवडून आपला संघ बांधतो आणि त्या खेळाडूंनी मैदानात जे केलं त्याचे गुण त्याच्या खात्यात जमा होतात. बहुतेक लीगमध्ये टाइट एन्डची जागा एकच असते. म्हणून दोन चांगले हाताशी असले की एकाला बसवावंच लागतं.

एक माणूस, दोन नोकऱ्या

हा निर्णय अवघड का, ते टाइट एन्डच्या कामात दडलेलं आहे. तो आक्रमक फळीच्या टोकाला उभा राहतो. चेंडू मागे गेला की कधी तो समोरच्या धिप्पाड बचावपटूला अंगावर घेऊन आपल्या धावपटूसाठी वाट मोकळी करतो. कधी त्याला खांद्याने एक धक्का देतो, क्षणभर थांबतो आणि मग मोकळ्या जागेत सटकतो. कधी पहिल्या पावलापासूनच चेंडू झेलायला धावतो. यातल्या पहिल्या कामाला फँटसीत शून्य गुण. क्रिकेटमधल्या यष्टिरक्षकाच्या कामगिरीत फक्त धावा मोजल्या आणि यष्टींमागची मेहनत सोडून दिली, तर जे होईल तेच इथे होतं. किटल तर ब्लॉकिंगसाठी नावाजलेला. काइल शॅनाहन यांच्यासारखा धावत्या खेळावर भिस्त ठेवणारा प्रशिक्षक त्याला दिवसभर त्या कामाला जुंपू शकतो. संघ जिंकतो, किटल उत्तम खेळतो आणि तुमच्या खात्यात दोन गुणही येत नाहीत.

म्हणून दोघांची तुलना करताना ‘चांगला कोण’ हा प्रश्नच बाजूला ठेवावा. विचारायचं ते असं : या रविवारी चेंडू झेलायला जास्त वेळा कोण धावणार, आणि त्यातल्या किती वेळा चेंडू त्याच्याकडे येणार?

आधी लीगचे नियम वाचा

पण त्याआधी एक पायरी आहे आणि बरेच जण ती गाळतात. आपली लीग गुण कशाला देते? साधारणपणे दहा यार्डांना एक आणि टचडाउनला सहा गुण असतात. फरक पडतो झेलामागे. काही लीगमध्ये झेलाला काहीच नाही, काहींत अर्धा, काहींत पूर्ण एक गुण. या शेवटच्या पद्धतीला पीपीआर म्हणतात.

या फरकाने काय होतं ते २०२४ च्या दोघांवरून पाहा. किटलचे ७८ झेल, १,१०६ यार्ड, ८ टचडाउन. ॲरिझोना कार्डिनल्सच्या ट्रे मॅकब्राइडचे १११ झेल, १,१४६ यार्ड, झेलून केलेले टचडाउन फक्त २. निव्वळ झेलांवरचा हिशेब धरला, तर झेलाला गुण नसलेल्या लीगमध्ये किटल १५८.६ आणि मॅकब्राइड १२६.६ : किटल ३२ गुणांनी पुढे. अर्ध्या गुणाच्या लीगमध्ये ही आघाडी साडेपंधरावर येते. पीपीआरमध्ये किटल २३६.६ आणि मॅकब्राइड २३७.६, म्हणजे चित्र उलटतं. काही लीग टाइट एन्डच्या झेलाला दीड गुण देतात. तिथे मॅकब्राइड साडेसतरा गुणांनी पुढे निघून जातो. त्यामुळे मित्राच्या लीगमधला सल्ला आपल्या लीगला लागू पडेलच असं नाही.

संधी मोजा

दुसरी पायरी टार्गेटची, म्हणजे फेकी करणाऱ्या क्वार्टरबॅकने किती वेळा चेंडू त्या खेळाडूच्या दिशेने फेकला त्याची. २०२४ मध्ये मॅकब्राइडकडे १४७ वेळा, किटलकडे ९४ वेळा. मॅकब्राइड हा ॲरिझोनाच्या क्वार्टरबॅकचा, कायलर मरीचा, हक्काचा माणूस होता. किटलला मात्र चेंडूचे वाटेकरी फार. ते वाटेकरी दुखापतींनी कमी झाले की त्याचं महत्त्व वाढतं. २०२४ मध्ये या सहकाऱ्यांपैकी ख्रिश्चन मॅकॅफ्री बराच काळ बाहेर होता आणि ब्रँडन आयुकचा मोसम ऑक्टोबरमध्ये गुडघ्याने संपला. म्हणून आपल्या टाइट एन्डइतकीच त्याच्या सहकाऱ्यांच्या दुखापतींची बातमी वाचावी.

टचडाउनकडे मात्र जपून पाहावं. तो गुणांचा सर्वांत मोठा आणि सर्वांत बेभरवशाचा भाग. गेल्या रविवारी दोन टचडाउन केले म्हणून कोणाला उतरवणं ही सर्वांत जास्त होणारी चूक आहे. टार्गेट आठवड्यामागून आठवडे बऱ्यापैकी टिकतात, टचडाउन टिकत नाहीत. २०२४ च्या नोव्हेंबरात सिॲटलमध्ये मॅकब्राइडने १२ झेल घेऊन १३३ यार्ड मिळवले. त्या दिवशी ॲरिझोनाचे एकूण गुण होते सहा आणि टचडाउन एकही नाही. पीपीआरमध्ये तरी त्याचे २५.३ गुण झाले. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत त्याने एकही टचडाउन झेलला नव्हता आणि तरीही त्याला बसवणं शहाणपणाचं नव्हतं.

रविवारची सकाळ

तिसरी पायरी त्या आठवड्याची. बुधवार ते शुक्रवार संघ सरावाचा अहवाल देतात : पूर्ण सराव, मर्यादित सराव की सरावच नाही. शुक्रवारी मर्यादित सराव केलेला खेळाडू बहुधा खेळतो. सामन्याच्या नव्वद मिनिटं आधी न खेळणाऱ्यांची यादी येते, तेव्हा फोन हातात हवा. दोघांपैकी शंका ज्याच्याबद्दल आहे त्याचा सामना संध्याकाळी आणि दुसऱ्याचा दुपारी असेल, तर थांबण्यात धोका आहे. तो ऐनवेळी बाहेर बसला तर दुसऱ्याचा सामना तोवर सुरू होऊन गेलेला असतो.

प्रतिस्पर्ध्याचा बचावही पाहावा, पण त्याला फार वजन देऊ नये. ‘हा संघ टाइट एन्डना गुण देतो’ अशी आकडेवारी चार-पाच सामन्यांवर उभी असते आणि त्यात एखाद्याच मोठ्या दिवसाचा हात असतो.

हे सगळं करूनही दोघे बरोबरीत राहिले, तर स्वतःच्या सामन्याकडे पाहा. तुमचा संघ वरचढ दिसत असेल, तर दर सामन्यात सातेक झेल घेणारा मॅकब्राइडसारखा खेळाडू उतरवा, त्याचे गुण सहसा फार खाली जात नाहीत. समोरचा भारी असेल आणि नेहमीच्या गुणांनी भागणार नसेल, तर एका झेलात टचडाउन करणारा किटलसारखा खेळाडू घ्या. त्याच्या १.१ ची जोखीम पत्करल्याशिवाय २७.७ ची आशा धरता येत नाही.

निर्णय झाला की पुढचे तीन तास एक गोष्ट करून पाहावी, असं मला मनापासून वाटतं. चेंडूकडे न बघता आपल्या टाइट एन्डकडे बघा. तो किती वेळा सुटून धावला आणि किती वेळा भिंत होऊन उभा राहिला, हे मोजा. पुढच्या आठवड्याचा निर्णय कोणत्याही भाकितापेक्षा त्या मोजणीतून अधिक नेमका येईल. शिवाय ज्या कामाला फँटसीत कधीच गुण मिळणार नाहीत, पण ज्याच्या जोरावर खरे सामने जिंकले जातात, ते कामही तेव्हाच डोळ्यांत भरेल.